शब्दचर्चा: ‘लेबल’ला मराठीत काय म्हणायचं?

मासुंदा: ठाण्यातल्या एका शाळेच्या पालकसभेसाठी इंग्रजी पत्रक मराठीत करते आहे. एका वाक्याशी अडलंय: मुलांना लेबलं लावू नका, त्याने त्यांचा सेल्फ-एस्टीम खचतो. ‘शिक्का मारू नका’ लिहिलं, तर तिथल्या एक बाई म्हणाल्या, शिक्का हा मानाचा शब्द आहे. सेल्फ-एस्टीमला ‘स्वाभिमान’ लिहावं, तर आपल्याकडे स्वाभिमान दुखावतो, खचत नाही. मग आत्मसन्मान? सुचवा.

जुनी पाटी: बाईंचं अर्धंच बरोबर. शिवकाळातल्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. मजकूर इथे संपला, पुढे कुणी अक्षर वाढवायचं नाही. शिक्कामोर्तब हा शब्द तिथला. पोराला ‘आळशी’ ठरवतो तेव्हा आपण हेच करतो, त्याला पुढे काही लिहायला जागा ठेवत नाही. माझं मत ‘शिक्का’ला.

अनुस्वार: शिक्का आणि मोर्तब दोन्ही फारसीतून आलेले. ‘दूषण’ असताना उसनं कशाला?

खाडीकाठ: कळव्याच्या चाळीत कुठली आई म्हणेल, ‘माझ्या मुलाला दूषण देऊ नका’? ती म्हणेल, ‘नावं ठेवू नका.’ नाव ठेवलं तर बारसं, नावं ठेवली तर बदनामी. एका अनुस्वाराचा फरक. मासुंदाताई, हेच लिहा.

मासुंदा: आवडलं. पण पत्रकात ‘हुशार’ हेही लेबलच म्हटलंय. कौतुकाला नावं ठेवणं कसं म्हणणार?

खाडीकाठ: हे मात्र खरं. माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे ‘आमची हुशार’ म्हणायचे. बारावीत गणितात राहिली, तर निकालाचा कागद तिने गादीखाली सारून ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी पहिल्यापासून ‘ढ’, मी नापास झालो तर घरात चहासुद्धा थांबला नसता. पण म्हणून मला लागत नव्हतं असं नाही. आजही फॉर्म भरताना कुणी शेजारी उभं राहिलं की माझा हात थांबतो.

जुनी पाटी: ‘ढ’ आला कुठून माहीत आहे ना? ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलली, ढ जवळपास तसाच राहिला. जो पुढे सरकत नाही तो ढ.

अनुस्वार: अक्षराचं खरं, व्युत्पत्तीचं पटत नाही. गावच्या मास्तरांना ब्राह्मी कुठे येत होती? ढोर, ढेकूळ, ढिम्म, ढोल्या बघा. ढचा उच्चारच आपल्या कानाला जड लागतो, त्यातून आलं असावं.

मासुंदा: कुठूनही येवो, तो मुलाला चिकटतो कसा हा प्रश्न आहे. साताऱ्यात २०११ साली ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. बारशालाच ‘नको’ ऐकलेल्या मुली. नाव कागदावर बदललं, पण हाक मारणाऱ्यांची जीभ वळायला किती काळ लागला असेल?

घणसोली गावठाण: तुम्ही शाळेतल्या शब्दांवर थांबलात, आमच्याकडे सरकारी शब्द आहे. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०ला आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. आजोबा शेतकरी होते, वडील प्रकल्पग्रस्त. मी तर नोडमधल्या, म्हणजे सिडकोच्या वसाहतीतल्या, इमारती उभ्या राहिल्यावर जन्मले, तरी दाखल्यावर प्रकल्पग्रस्तच. ग्रस्त म्हणजे गिळलेला, खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. शाळेत ‘पानी’ म्हटलं की बाई ‘ण म्हण’ म्हणायच्या, बाकावरची मुलं ‘गावठाणातली’ म्हणून हसायची. ‘पानी’चं ‘पाणी’ करता आलं. ‘ग्रस्त’चं काय करू?

अनुस्वार: पण प्रमाण उच्चार शिकवणं हे बाईंचं कामच होतं.

घणसोली गावठाण: शिकवावं ना. घरी आई बोलते ते ‘अशुद्ध’ आहे, हे का सांगावं? मी दहावीपर्यंत आईला शाळेत येऊ दिलं नाही, ती बोलेल म्हणून.

जुनी पाटी: ताई, ते फार वाईट झालं. ‘ग्रस्त’बद्दल मात्र वेगळं वाटतं. १९८४च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले, ते याच शब्दावर. शब्द काढलात तर दाखला कशाचा मागणार?

घणसोली गावठाण: काका, हक्क हवाच आहे. तो मागताना तिसऱ्या पिढीनेही स्वतःला गिळलेलं का म्हणवून घ्यायचं?

अनुस्वार: ‘प्रकल्पबाधित’ चालेल का?

घणसोली गावठाण: बाधा भुताची होते. आमच्याकडे सभेत ‘भूमिपुत्र’ म्हणतात, टाळ्याही पडतात.

खाडीकाठ: मग तोच घ्या की. ताठ मानेचा शब्द आहे.

घणसोली गावठाण: त्यात माझ्या आत्या येत नाहीत. साडेबारा टक्क्यांच्या वेळी दोघींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. शेतात त्या आजोबांच्या बरोबरीने लावणीला उतरायच्या. स्वतःला काय म्हणवून घेतात, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. रविवारी जाणार आहे, तेव्हा विचारते.