अनुभव धागा : ‘क्योकाई नो रिन्ने’ – कर्जबाजारी यमदूत, हट्टी भुते आणि चाळीस खंडांचे प्रेम

धागाकर्ती

रूमिको ताकाहाशी यांची ‘क्योकाई नो रिन्ने’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात एप्रिल २००९ ते डिसेंबर २०१७ या काळात प्रसिद्ध झाली आणि पुढे चाळीस खंडांत बांधली गेली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साकुरा मामिया ही मुलगी लहानपणी काही दिवस हरवते आणि परत आल्यापासून तिला भुते दिसू लागतात. हायस्कूलमध्ये तिच्या शेजारची जागा वर्ष सुरू झाल्यापासून रिकामी असते. एक दिवस तिथे लाल केसांचा एक मुलगा येऊन बसतो आणि तो फक्त तिलाच दिसतो, कारण त्याने अंगावर परलोकातला अंगरखा चढवलेला असतो. हा रिन्ने रोकुदो. त्याची आजी शिनिगामी, म्हणजे आपल्या भाषेत यमदूत, आणि आजोबा साधे मनुष्य. भटकणाऱ्या आत्म्यांना पुनर्जन्माच्या चक्राकडे पोचवणे हे त्याचे काम असून तो इतका गरीब आहे की गणवेश परवडत नाही म्हणून बारा महिने खेळाच्या तासाचा ट्रॅकसूट घालतो आणि शाळेच्या एका पडीक इमारतीत राहतो.

ही मालिका आपण कशी वाचलीत, कुठे हसलात, कुठे कंटाळलात, आणि भुताखेतांच्या व श्राद्धपक्षाच्या आपल्या कल्पनांशी ती कुठे जुळते वा कुठे मुळीच जुळत नाही, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. नुसते ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ नको. उत्तरार्धातले रहस्य उघड करणार असाल तर आधी तशी सूचना द्यावी.

जमाखर्च

मी बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य आहे. सुट्टीत राहायला आलेली नात हे खंड माझ्याकडे ठेवून गेली आणि दुपारी वेळ जाईना म्हणून मी ते उघडले. प्रेमकथेत मला फारसे स्वारस्य नव्हते, पण या मालिकेत प्रत्येक गोष्टीला किंमत आहे, हे लक्षात आल्यावर मी सरसावून बसलो. यमदूताला लागणारी अवजारे फुकट मिळत नाहीत, परलोकात ती पैसे मोजून घ्यावी लागतात. भूत अंगावर धावून येत असताना रिन्ने मनातल्या मनात हिशेब करतो की हे साधन वापरले तर आजच्या कामात सुटेल काय आणि जाईल काय. लेखिकेने भीतीच्या जागी खर्चाची चिंता बसवली आहे आणि पंचवीस-तीस पाने वाचल्यावर लक्षात येते की ती भीतीपेक्षा जास्त चांगली पकड घेते.

रिन्नेचा बाप साबातो हा गृहस्थ मला सर्वांत ओळखीचा वाटला. हसतमुख, सुटाबुटात वावरणारा, आणि मुलाच्या नावावर कर्ज काढून मोकळा होणारा. असे साबातो मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेला मुलगा किंवा पुतण्या जामीनदार म्हणून सही करायचा, आणि वसुलीची नोटीस शेवटी त्याच्याच घरी जायची. हा विषय विनोदाचा आहे, असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

गरिबीवरचा विनोद बहुधा गरिबाचा अपमान करून मोकळा होतो. इथे तसे होत नाही, याचे श्रेय मी साकुराला देतो. ती रिन्नेची कीव करत नाही. कामासाठी लागणारे पैसे ती उसने देते, आपला डबा पुढे करते आणि विषय बदलते. घास हातात पडल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याकडेही ती पाहून न पाहिल्यासारखे करते. या दोघांचे प्रेम कुठून सुरू झाले, असे नातीने मला विचारले, तेव्हा मी त्या डब्यावर बोट ठेवले.

तळकोकण

आमच्याकडे भुतांचे दोन वर्ग आहेत, एक घाबरवणारी आणि दुसरी गावाची राखण करणारी. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. सीमेवरच्या देवचाराला नारळ आणि विडी ठेवतात. मागायचे असेल तर आधी द्यावे लागते, आणि जे द्यायचे ते त्याच्या उपयोगाचे असावे लागते, हा व्यवहार मी लहानपणापासून पाहत आले आहे.

त्यामुळे रिन्नेच्या शाळेच्या आवारातली ती पांढरी लाकडी हवामानपेटी पाहिली तेव्हा मला काहीच नवल वाटले नाही. ज्या मुलाला भुताचा त्रास होतो, तो त्या पेटीत चिठ्ठी ठेवतो आणि सोबत काही खाण्याची वस्तू किंवा थोडी नाणी ठेवतो. रिन्ने ती उचलतो आणि काम अंगावर घेतो. जपानी वाचकाला यात देवळातल्या दानपेटीची थट्टा दिसत असेल, पण मला त्यात आमचा देवचार दिसला. फरक एवढाच की देवचार विडीवर समाधान मानतो, तर रिन्नेला पावाचा तुकडा मिळाला की त्या रात्रीच्या जेवणाची सोय होते.

भुते मात्र आमच्यापेक्षा फारच मवाळ आहेत. पहिल्याच प्रकरणातले भूत म्हणजे एक अवाढव्य चिवावा कुत्रा. आमच्या खवीसाला हे दाखवले असते तर त्याने जागा सोडली असती.

पेठेतला

माझ्यासाठी ही मालिका एका घाटावरच्या सकाळीपासून वेगळी करता येत नाही. आत्याच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीकाठी उभे होतो. दर्भावर पिंड ठेवलेला, समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, आणि एकही खाली उतरेना. अशा वेळी काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. एकेक जण पुढे होऊन मोठ्याने आश्वासने देऊ लागला. धाकट्याचे लग्न लावून देऊ, असे काकांनी सांगितले. घर विकणार नाही, असे मोठ्या भावाने सांगितले. तिच्या शिवणयंत्राला कुणाला हात लावू देणार नाही, असे बहिणीने रडत रडत सांगितले. कावळे मान वाकडी करून ऐकत होते. एक जण तर फांदी बदलून आणखी वर जाऊन बसला. शेवटी ऊन चढले आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आत्याचे नेमके काय राहिले होते, हा प्रश्न आमच्या घरात अजूनही निघतो, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ‘रिन्ने’ वाचायला घेतली. तिच्या बहुतेक प्रकरणांची रचना हीच आहे. मेलेल्या माणसाचे काहीतरी राहून गेलेले असते, ते पूर्ण झाल्याखेरीज तो पुढे सरकत नाही, आणि जिवंत माणसे अंदाज बांधत बसतात. परंतु इथे एक सोय आहे जी आम्हाला नव्हती, ती म्हणजे भुताला समोर बसवून विचारता येते. त्याहून गंमत अशी की विचारूनही बऱ्याचदा उपयोग होत नाही, कारण भुताला स्वतःलाच आपली इच्छा नीट माहीत नसते. आपण एका थोर, अपुऱ्या राहिलेल्या प्रेमापायी अडकलो आहोत, असे ते छातीठोकपणे सांगते, आणि शोध घेतल्यावर खरे कारण इतके क्षुल्लक निघते की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. ताकाहाशी त्या पडलेल्या चेहऱ्यांसाठी एक संपूर्ण चौकट देतात, संवादाविना.

ते पाहून मी प्रथम हसलो आणि मग मला आत्याची आठवण झाली. तिच्यापुढे आम्ही लग्न, घर, यंत्र अशी सगळी मोठी आश्वासने ठेवली होती. लहानसे काही कुणी बोललेच नव्हते. उदाहरणार्थ, शेजारणीकडे गेलेला तिचा पितळी डबा परत आणू, असे कुणाच्याही मनात आले नाही, आणि हयात असताना त्या डब्यावरून ती वर्षभर बोलत होती.

मृत्यूनंतरच्या इच्छेकडे इतक्या गांभीर्याने आणि तरीही इतक्या बिनधास्त विनोदाने पाहणारे दुसरे काही माझ्या वाचनात आलेले नाही. काही नातेवाइकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ते अजिबात रुचले नाही, हेही नमूद करतो.

ओसाकाकर

मी जपानमध्ये नोकरी करतो आणि मालिका मूळ जपानीतून वाचली. मुलांसाठीच्या या साप्ताहिकांत प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षराच्या, बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे भाषा शिकणाऱ्या माणसाला ती फार उपयोगी पडतात. रिन्नेमुळे मला हप्ता, थकबाकी, व्याज हे शब्द वर्गात शिकण्याआधी आले.

वर ज्या पेटीचा उल्लेख झाला आहे, तिच्याविषयी थोडे लिहितो. झडपांच्या भिंती असलेली, चार पायांवर उभी केलेली ही पांढरी पेटी इथल्या अनेक शाळांच्या आवारात दिसते. आत तापमापक असतो. आता बऱ्याच ठिकाणी तिच्याकडे कुणी फिरकत नाही, रंग उडालेला असतो आणि भोवती गवत वाढलेले असते. लेखिकेने देऊळ, स्मशान, जुना वाडा असे काही न निवडता ही दुर्लक्षित वस्तू निवडली, ही मला तिची सर्वांत चतुर निवड वाटते.

परलोकाची मांडणीही बौद्ध श्रद्धांमधून आलेली आहे. आकाशात फिरणारे ते प्रचंड चक्र म्हणजे आपल्याच संसारचक्राची, चीनमार्गे जपानला गेलेली कल्पना. मृताला सान्झू नदी ओलांडता यावी म्हणून शवपेटीत सहा नाणी ठेवण्याची जुनी प्रथा इथे आहे, आणि रिन्नेच्या काळ्या मांजराचे, रोकुमोनचे, नाव त्या नाण्यांवरूनच आहे. आपल्याकडे वैतरणी ओलांडायला गाय दान करावी लागते. त्या मानाने जपानी प्रवास स्वस्तात होतो.

वेधशाळा चौक

त्या पेटीचे शास्त्रीय नाव स्टीव्हन्सन पेटी. पुण्यात हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या आसपास वाढलेल्यांना ती अपरिचित नसावी. तिच्यात कुणी नैवेद्य ठेवल्याचे ऐकिवात नाही.

अर्ध्यावर

आतापर्यंतचे सूर पाहता माझा अनुभव विरोधी वाटेल, पण धाग्यात तोही यावा. मी ही मालिका मध्यावर सोडली. ताकाहाशींची आधीची ‘इनुयाशा’ मी मनापासून वाचली होती. तिच्यात शत्रू होता, प्रवास होता आणि प्रेमाला धोका होता. इथे भूत येते, चिठ्ठी येते, रिन्नेवर डोळा ठेवून असलेली आगेहा गैरसमज करून घेते, साकुरावर जीव जडलेला त्सुबासा पवित्र राख फेकतो, बाप काहीतरी लंपास करतो आणि शेवटी रिन्नेला तोटा होतो. पुढच्या प्रकरणात भूत बदलते, बाकीचे तेच राहते.

साकुराविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. भूत पाहिले तरी तिचा चेहरा तोच आणि रिन्ने जखमी झाला तरी चेहरा तोच. संयम आणि रिकामेपण यांत फरक असतो. प्रेम पुढे सरकू नये याची काळजी घेत कथा चालवणे ही साप्ताहिकाची व्यावसायिक गरज असेल, पण वाचकाने तिला कलेतला संयम समजण्याचे कारण नाही.

रात्रपाळी

‘अर्ध्यावर’ यांच्या मताचा आदर राखून लिहिते. मी परिचारिका आहे आणि ही मालिका रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, एका वेळी एक प्रकरण अशी वाचली. साप्ताहिकातले प्रकरण अठरा-वीस पानांचे असते. चहा संपेपर्यंत ते संपते आणि मन त्यात अडकून राहत नाही. सलग दहा खंड वाचणाऱ्याला ती पुनरावृत्ती खुपणारच, कारण ती तशी वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही.

साकुराचा चेहरा बदलत नाही, हे मला मान्य नाही. तो फार थोडा बदलतो. रिन्ने तिच्यापासून एखादी गोष्ट लपवतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही, पण ती त्याच्याशी नेहमीपेक्षा किंचित जास्त सभ्यपणे बोलते, आणि रिन्नेला घाम फुटतो. ज्या घरांत भांडणे आवाज न चढवता होतात, त्या घरांतल्या वाचकांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. रोज रुग्णांसमोर चेहरा स्थिर ठेवण्याचे काम करणाऱ्या मला तरी ती मुलगी रिकामी वाटली नाही.

आणखी एक मुद्दा. या मालिकेत दामाशिगामी नावाचे ठकसेन आहेत. आत्म्यांची ठरावीक संख्या भरावी म्हणून ते आयुष्य शिल्लक असलेल्या जिवंत माणसांनाही फसवून नेतात, आणि त्यांची चक्क कंपनी आहे, जिचा अध्यक्ष खुद्द साबातो. मृत्यूच्या खात्यातही महिनाअखेरची उद्दिष्टे असतात, हा विनोद वाचून मी त्या शांत खोलीत इतक्या मोठ्याने हसले की सहकारी डोकावून गेली. भयकथा मी वाचू शकत नाही, कारण कामावर जे पाहते त्यापुढे त्या खोट्या वाटतात. ही मालिका मात्र वाचता आली.

पणजीचे नाव

*(रहस्यभेदाची सूचना : उत्तरार्धातली महत्त्वाची घटना खाली आहे.)*

मालिकेत बराच काळ रिन्नेच्या आईचा पत्ताच नसतो. पुढे कळते की ती पुनर्जन्माच्या चक्रात सापडली आणि आता इचिगो नावाची छोटी शाळकरी मुलगी म्हणून जन्मली आहे. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलासमोर त्याची आई उभी राहते, ती पाठीवर दप्तर घेऊन, आणि त्याला आईच्या अधिकाराने बोलते.

माझा जन्म पणजी वारल्यानंतर वर्षाच्या आत झाला आणि तिचेच नाव मला ठेवले. ‘तीच आली आहे’ हे वाक्य मी कळत्या वयापासून ऐकत आले. आजोबा मला रागावत नसत, कारण आईला कसे रागवायचे, असे ते म्हणत. काकू मात्र पणजीचे जुने हिशेब माझ्याकडून चुकते करून घेत, आणि भाजी नाकारली की, ‘तेव्हाही तुम्ही असेच करायचात’ असे ऐकवत. घरात सर्वांत लहान असून सर्वांत ज्येष्ठ असण्याची ही अडचण कुणाला समजावून सांगता येत नसे. इचिगोची प्रकरणे मी आजोबांना मोठ्याने वाचून, मराठीत सांगत सांगत दाखवली. त्यांना चित्रांत फारसे काही कळले नाही, परंतु बापाची बाजू ऐकल्यावर त्यांनी निर्वाळा दिला की त्या मुलीने पुन्हा त्या साबातोशी संसार मुळीच करू नये.

धागाकर्ती

व्यक्तिगत निरोपांतून दोघांनी विचारले आहे की बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ही मालिका द्यावी का. माझ्या मते अवश्य द्यावी. २०१५ पासून तिचे पंचाहत्तर भागांचे ॲनिमेशन रूपांतर एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर दाखवले गेले, यावरून तिचा बाज लक्षात यावा. सुरुवात पहिल्या खंडापासूनच करावी. पहिले तीन-चार खंड वाचूनही गोडी लागली नाही तर ‘अर्ध्यावर’ यांच्याइतके पुढे जाण्याची आवश्यकता नाही.