'अननोन फाइलसिस्टीम': अज्ञात, अनोळखी की आणखी काही?

प्रश्न: ग्रब या बूटलोडरच्या (संगणक चालू होताना ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) संदेशांचं मराठी करताना 'अननोन फाइलसिस्टीम'ला (फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) 'अज्ञात फाइलप्रणाली' लिहिलं आहे. चालेल का? आणि 'करप्ट'ला 'भ्रष्ट'?

प्रतिसाद १: 'अज्ञात' नको. 'अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा' म्हणजे तो कोण हे कुणालाच ठाऊक नाही. इथे फाइलसिस्टीम बहुधा जगाला माहीत असते, ग्रबला तेवढी उमगत नाही. ग्रब आपल्यात लोड झालेले ड्रायव्हर (एकेक फाइलसिस्टीम वाचू शकणारे भाग) एकेक करून लावून बघतो. ड्रायव्हरने 'बॅड एफएस' (एफएस म्हणजे फाइलसिस्टीम) किंवा 'आउट ऑफ रेंज' (हद्दीबाहेर) ही त्रुटी दिली की ती पुसून पुढचा ड्रायव्हर घेतो. सगळे संपले की हा संदेश. म्हणून 'फाइलसिस्टीम ओळखता आली नाही'. 'अनोळखी'पेक्षाही हे बरं, कारण न जमणं कुणाचं ते कळतं.

प्रतिसाद २: याला पक्कं उदाहरण आहे. एक्स्ट४ ही लिनक्सची एक फाइलसिस्टीम, आणि ई२एफएसप्रॉग्स हा ती बनवणाऱ्या साधनांचा संच. २०२३ मध्ये त्याच्या १.४७.० आवृत्तीपासून एक्स्ट४ बनवताना 'मेटाडेटा_सीसम_सीड' हे वैशिष्ट्य आपोआप चालू होऊ लागलं. मूळ ग्रब २.०६ ला ते ठाऊक नाही, २.१२ ला चालतं. २.०६ चा ड्रायव्हर आतल्या आत 'न पेलणारी वैशिष्ट्यं आहेत' असं नेमकं कारण देतो, पण 'बॅड एफएस' या त्रुटी-क्रमांकाखाली. त्यामुळे ते गिळलं जातं आणि पडद्यावर 'अननोन' उरतं.

पडताळायला मशीन रीबूट करायची गरज नाही. 'ट्रंकेट' या आज्ञेने ६४ एमबीची फाइल करा, तिच्यावर एक्स्ट४ बनवा आणि २.०६ च्या 'ग्रब-एफएसटेस्ट'ला (ग्रबचे ड्रायव्हर फाइलवर चालवून बघणाऱ्या साधनाला) 'एलएस', म्हणजे फाइलींची यादी, करायला सांगा. एका प्रतीत हे वैशिष्ट्य चालू (तिथे 'अननोन' येईल), दुसरीत बंद (तिथे यादी दिसेल). तिसरी प्रत वैशिष्ट्य बंद असलेलीच घ्या आणि 'डीडी' या आज्ञेने तिचे १०८० व १०८१ हे दोन बाइट शून्य करा. सुपरब्लॉकची (फाइलसिस्टीमची मूळ माहिती असलेल्या भागाची) ईएफ५३ ही ओळखखूण तिथे असते; ती गेली की इथेही 'अननोन'च येतं. 'डीडी'ला 'कॉन्व्ह=नोट्रंक' (फाइल कापू नको) हा पर्याय द्यायला विसरलात तर फाइल १०८२ बाइटांवर कापली जाते, आणि गंमत म्हणजे संदेश तरीही तोच येतो! म्हणून आधी फाइलचा आकार बघा. 'ग्रब-एफएसटेस्ट'च्या डीबग पर्यायाला 'एफएस' दिलं की कोणकोणत्या ड्रायव्हरने नकार दिला ते ओळीने दिसतं.

प्रतिसाद ३: म्हणजे 'बॅड एफएस'चं 'खराब फाइलसिस्टीम' करणंही चूक. ग्रबमध्ये एक्स्ट४ वाचणारा एक्स्ट२चा ड्रायव्हर एक्सएफएस या वेगळ्याच फाइलसिस्टीमच्या धडधाकट डिस्कवरही तीच त्रुटी देतो. तिथे 'बॅड'चा अर्थ 'ही माझी नव्हे' एवढाच. खरोखर मोडतोड झाली असेल तेव्हाच 'खराब' लिहा. 'भ्रष्ट' मात्र नकोच, ते अधिकाऱ्यांना राहू द्या.

प्रश्नकर्ता: पटलं. मग 'फाइलप्रणाली'चं काय?

प्रतिसाद १: 'फाइलसिस्टीम'च ठेवा. ग्रब रेस्क्यूत (पुढे जाता आलं नाही की ग्रब जिथे थांबतो त्या तुटपुंज्या आज्ञा-पडद्यावर) अडकलं की भाषांतराचं मॉड्यूल सहसा लोडच झालेलं नसतं, संदेश इंग्रजीत येतो. आदल्या दिवशी मराठी संदेश वाचलेल्याला तो तोच आहे हे निदान त्या एका शब्दावरून कळेल. 'पार्टिशन'चंही 'विभाजन' करू नका. ती क्रिया झाली, डिस्कवरचा भाग नव्हे.