मित्रासोबत पाहिलेली जुनी रेसलिंग मॅच: तुमचे किस्से येऊ द्या

जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) मॅच एकट्याने बघण्यात आणि मित्राच्या मांडीला मांडी लावून बघण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त अजूनही भेटलो की एखादी लावतोच. सगळ्यात जास्त पारायणं झाली आहेत ती १९९४ च्या रॉयल रम्बलमधल्या अंडरटेकर विरुद्ध योकोझुना या कास्केट मॅचची.

नियम एवढाच की समोरच्याला शवपेटीत टाकून झाकण लावायचं. एकट्या योकोझुनाला ते जमत नाही, म्हणून त्याच्या मदतीला एकामागून एक पैलवान धावत येतात. मित्र यजमानाच्या थाटात एकेकाचं स्वागत करतो, "या, या, बसायला जागा नाही, पण मारायला आहे." मग अंडरटेकरचा मॅनेजर पॉल बेअरर याच्याकडचा कलश उघडतो, हिरवा धूर निघतो, अंडरटेकर पेटीत जातो, झाकण लागतं. आणि आता संपलं म्हणेपर्यंत भल्यामोठ्या पडद्यावर तो पेटीच्या आतून बोलायला लागतो! "आत कॅमेरा कोणी ठेवला?" हा मित्राचा ठरलेला प्रश्न. मी दर वेळी नवं उत्तर शोधून ठेवतो. शेवटी अंडरटेकर हवेत तरंगत वर जातो. वर जाणारा तो नव्हताच, त्याच्या वेशातला दुसरा पैलवान मार्टी जेनेटी होता, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हापासून तो वर निघाला की आम्ही दोघं एका सुरात म्हणतो, "सावकाश रे मार्टी!"

निकाल आधी ठरलेला असतो हे कोणाला माहीत नाही? "खोटं असतं सगळं" म्हणून उठून जाणाऱ्याला ही मजा कधीच मिळायची नाही. आम्ही थट्टा करतो ती या खेळावर जीव आहे म्हणून, आणि थट्टेसाठी इतकं बारकाईने बघतो की प्रेम आणखी वाढतं.

तुम्ही कोणती मॅच कोणासोबत बघता? तुमचे ठरलेले विनोद कोणते? सविस्तर लिहा.

*

आमची म्हणजे माझी आणि माझ्या मैत्रिणीची मॅच रेसलमेनिया ३ (डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) मधली, २९ मार्च १९८७, रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. सॅव्हेजने ती आधी पायरी-पायरीने लिहून काढली होती आणि दोघांनी अक्षरशः पाठ केली होती. हे वाचल्यापासून आम्ही एक खेळ करतो. ती सॅव्हेजचा आवाज काढते, मी स्टीमबोटचा. "पान तिसरं, ओळ चौथी, आता तू दोरावरून उडी मारायचीस." "आधी तू नीट पड तरी!" स्टीमबोट दोन्ही हातांनी सॅव्हेजची मान धरून त्याला अधांतरी उचलतो तिथे ती घशातून जो आवाज काढते तो लिहून दाखवता येणार नाही.

पण गंमत बघा, सगळं पाठ आहे हे माहीत असूनही प्रत्येक दोनच्या गिनतीला आमचा श्वास अडकतो (खांदे टेकलेले असताना रेफ्रीने तीन मोजले की हार). रेफ्रीचा हात तिसऱ्यांदा खाली येतोय आणि खांदा उचलला जातो तो अगदी शेवटच्या क्षणाला. कथेत सॅव्हेजने आधी रिंगजवळच्या घंटेनेच स्टीमबोटचा गळा जायबंदी केलेला असतो, आणि इथे तीच युक्ती पुन्हा करायला जातो तर स्टीमबोटच्या बाजूने आलेला पैलवान जॉर्ज स्टील त्याला वरून ढकलून देतो. अशी बांधणी आजच्या मॅचमध्ये क्वचित दिसते.

*

त्याच रात्रीची मुख्य मॅच, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट, आम्ही भाऊ-भाऊ बघायचो. आंद्रे होगनला कवेत घेऊन आवळत बसतो तेव्हा दादा म्हणायचा, "रेफ्री, तू एक डुलकी काढून ये." पुढे कळलं की आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि कपड्यांच्या आत पट्टा बांधून तो रिंगमध्ये उतरला होता. तेव्हापासून आमचे सगळे विनोद आंद्रेचा मॅनेजर बॉबी हीनन याच्यावर. आंद्रेवर एकही नाही.

*

हेल इन अ सेल. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली.

सुरुवातीला भरपूर हसून घ्यायचं हा आमचा नियम, कारण पुढे हसता येत नाही. पिंजऱ्यातली मॅच आणि दोघंही पिंजऱ्याच्या छतावर! "दार खाली आहे रे बाबांनो," मित्र ओरडतो. मग अंडरटेकर फोलीला १६ फुटांवरून खाली टेबलावर फेकतो आणि आम्ही गप्प. फोली स्ट्रेचरवरून उठून परत वर चढतो. या वेळी छताची जाळी तुटते, तो सरळ रिंगमध्ये कोसळतो आणि मागून खुर्ची येऊन तोंडावर बसते. पहिलं पडणं ठरलेलं होतं, दुसरं नव्हतं.

मग टेरी फंक आत येतो. अंडरटेकर त्याला असा चोकस्लॅम (गळा धरून उचलून आपटणं) घालतो की फंकचे बूट पायांतून निघून रिंगमध्येच राहतात. मित्र एवढंच म्हणतो, "बूट बाहेर काढून ठेवायचे असतात." आणि आम्ही पोट धरधरून हसतो. इतका वेळ छातीवर असलेलं दडपण त्या बुटांनी उतरतं.

पण फंक तिथे का आला होता? तो फोलीचा खराखुरा मित्र होता. फोली शुद्धीवर आहे का ते बघायला आणि त्याला सावरायला थोडा वेळ मिळावा म्हणून त्याने तो मार अंगावर घेतला. हे कळल्यापासून मला ती मॅच दोन मित्रांचीच वाटते. अंडरटेकरच्याही पायाचं हाड तेव्हा मोडलेलं होतं. तिघांपैकी एकानेही काम अर्धवट सोडलं नाही.

*

मी आणि मित्र दूर राहतो, म्हणून फोन कानाला लावून एकाच वेळी मॅच सुरू करतो. रेसलमेनिया ३०, ६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लिन्स, अंडरटेकर विरुद्ध ब्रॉक लेस्नर. रेसलमेनियात अंडरटेकर तोवर २१-० असा अपराजित. मित्राचं नेट दोन सेकंद पुढे होतं. मला फोनवर आधी त्याचा "नाही!" ऐकू आला, मग मी तिसरी गिनती पाहिली: अंडरटेकर हरला होता. मित्र हुंदका देत होता आणि मी ती मॅच संपल्यावरही फोन ठेवला नाही. आता आम्ही ती लावतो ती प्रेक्षकांमधल्या त्या डोळे विस्फारलेल्या माणसासाठी. पडद्यावर तो आला की फोनवर दोघंही त्याची विचारपूस करतो.

*

माझ्या मित्राला रेसलिंगचा गंधही नव्हता. त्याला २००२ ची टोरांटोमधली रॉक विरुद्ध होगन दाखवली. त्याने विचारलं, "यातला वाईट कोण?" म्हटलं, होगन. "मग लोक त्याच्यासाठी का ओरडतायत?" इतका नेमका प्रश्न मला कुठल्या मुरलेल्या चाहत्यानेही विचारला नव्हता. होगन खलनायक म्हणून आला होता, पण त्याला बघत मोठे झालेले हजारो लोक ऐकायलाच तयार नव्हते, आणि दोघा पैलवानांना त्या गर्दीच्या कलाने मॅच वळवावी लागली. हे सांगितल्यावर तो सरसावून बसला आणि रॉकची बाजू घेऊन गर्दीशीच भांडायला लागला. पुढच्या भेटीत त्याला १९९७ ची ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन दाखवणार आहे. तिथे तर एका मॅचमध्ये नायक खलनायक होतो आणि खलनायक नायक. तो कोणाशी भांडतो ते इथे येऊन लिहितो.