मदत हवी आहे: लॅटिन 'फेरो'मधला 'इ' गेला कुठे?

लॅटिन 'फेरो' (वाहून नेणे) या क्रियापदापाशी अडलोय. फेरो, फेर्रे, तुली, लातुम ही मुख्य रूपं पाठ आहेत. 'फेर-' म्हणजे आपला संस्कृत भृ, आणि तुली-लातुम हे तुला (तराजू), तोलणे यांचे भाऊबंद (लातुम आधी 'त्लातुम' होतं), इथवर पटलं.

गाडी अडते वर्तमानकाळात. रेगो (राज्य करणे) या नियमित क्रियापदाचं 'तू'साठी रेगिस, 'तो'साठी रेगित. मग फेरोचं फेर्स, फेर्त का? गंमत म्हणजे 'आम्ही'च्या फेरिमुसमध्ये 'इ' शाबूत! व्याकरणाची दोन पुस्तकं चाळली, दोन्हींत 'अनियमित' म्हणून बोळवण. ऋग्वेदात भरतिसोबत 'भर्ति'ही सापडतं. ग्रीक मला येत नाही, संस्कृतच्या अंगाने सांगितलंत तर कळेल. फेर्त हे मुळातच विकरणाशिवायचं (धातू आणि प्रत्यय यांच्यामधल्या स्वराशिवायचं, भरतिऐवजी भर्ति तसं) जुनं रूप, की स्वर लॅटिनमध्येच नंतर गळाला?