सोरायसिस, टाच, साखर, लिव्हर : हे सगळं एकाच माळेतलं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, आधीच माफी मागतो.

वय ४३. सोरायसिस १४ वर्षांचा : डोक्यात, कोपरांवर, गुडघ्यांवर. त्याच्याशी आता जमवून घेतलंय. गडद शर्ट घालायचा नाही, खुर्चीवरून उठताना मागे खपल्या पडल्यात का बघायचं आणि "हे संसर्गजन्य नाही हो" हे वाक्य तयार ठेवायचं. तक्रार त्याची नाही.

गेल्या आठ महिन्यांत भलतंच सुरू झालंय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की डाव्या टाचेच्या मागे, पोटरीचा स्नायू हाडाला येऊन चिकटतो तिथे, असं ठणकतं की भिंतीला धरून बाथरूम गाठावं लागतं. पाऊण तास हिंडलो-फिरलो की मोकळं होतं. बसून राहिलो की पुन्हा आखडतं. मध्यंतरी उजव्या पायाचं दुसरं बोट अख्खं सुजलं. नुसता सांधा नव्हे, मुळापासून टोकापर्यंत. तीन आठवडे बुटात जात नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. यूरिक ॲसिड ७.२ आलं. "थोडं वाढलंय, गाउट (यूरिक ॲसिडमुळे सांधा सुजतो तो आजार) असेल." आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह, एक्स-रे नॉर्मल, म्हणून "संधिवात नाही." वेदनाशामक गोळ्या आणि टाचेखाली घालायला मऊ पॅड. त्यांनी मला मोजे काढायला सांगितले, बाह्या वर करायला नाही. आणि मीही सोरायसिसचा विषय काढला नाही. तो कातडीचा आजार, इथे काय सांगायचा, असं वाटलं.

त्यात वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, बीपी १४२/९२, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. दारूला मी शिवत नाही. वजन मात्र ८८ किलो आहे, ते कबूल. त्वचेचे डॉक्टर आता सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू करू म्हणतायत आणि ते लिव्हरवर जातं असं ऐकून धडकी भरलीय.

चार फायली, चार डॉक्टर, आणि प्रत्येकजण आपापली फाइल बघतो. हे सगळं एकाच माळेतलं आहे का? की चाळिशी उलटल्यावर सगळ्यांचं होतं तसंच? आणि आधी कुणाकडे जाऊ? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

टाच आणि अख्खं बोट वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मला ९ वर्षं सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, आहे. सोरायसिस असलेल्या दहातल्या तिघांपर्यंत तो होऊ शकतो, आणि बहुतेकांत कातडी आधी, सांधे काही वर्षांनी. आरए फॅक्टर यात सहसा निगेटिव्हच येतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला एक्स-रेही नॉर्मल असतो. आणि यूरिक ॲसिड सोरायसिसमध्ये तसंही वाढलेलं सापडतं. तुम्हाला गाउट नाहीच असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण त्या एका आकड्यावर विषय संपत नाही.

'पेस्ट' नावाची ५ प्रश्नांची चाचणी आहे. कधी सांधा सुजला का? डॉक्टरांनी कधी संधिवात सांगितला का? नखांना खड्डे आहेत का? टाच दुखते का? एखादं बोट कारण नसताना अख्खं सुजून दुखलं का? तीन 'हो' आले तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट. नुसते हाडांचे डॉक्टर नव्हेत. नखं बघा आणि सांगा.

उशीर करू नका हे कळकळीने लिहितेय. सांध्याची झालेली झीज भरून येत नाही. मी दोन वर्षं मलमं चोळत बसले; आता माझ्या अनामिकेचं शेवटचं पेर सरळ होत नाही. गुंडी लावताना तेच आधी मध्ये येतं.

प्रतिसाद २

मी फिजिशियन आहे. तुम्हाला न तपासता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

हो, माळ एकच असू शकते. सोरायसिसमधला दाह फक्त कातडीत राहत नाही. वजन, साखर, बीपी, फॅटी लिव्हर आणि हृदयविकार या लोकांत जास्त दिसतात. वजन आणि दाह एकमेकांना खतपाणी घालतात, त्यामुळे वजन उतरलं की चट्टेही बऱ्याचदा कमी होतात.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फॅटी लिव्हर आहे म्हणून ते बादच असं नाही, पण सोनोग्राफीचा रिपोर्ट त्वचेच्या डॉक्टरांच्या हातात पडलाच पाहिजे. लिव्हर, किडनी, रक्तपेशी, हिपॅटायटिस बी-सी तपासूनच सुरुवात होते. बीपीची गोळी ठरवणाऱ्यालाही सोरायसिस सांगा, कारण बीटा ब्लॉकर या प्रकारच्या गोळ्यांनी तो चिघळू शकतो. आणि सांध्यासाठी कुणी सहज स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर आधी विचारा. त्या थांबवल्यावर कातडी जोरात उसळू शकते.

डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर थांबू नका, डोळ्यांचे डॉक्टर गाठा. जुलाब किंवा शौचातून रक्त असेल तर तेही लपवू नका. पुढेमागे बायोलॉजिक इंजेक्शनं (दाहाच्या मुळावर नेमकं काम करणारी औषधं) निवडायची वेळ आली तर त्यावर निवड बदलते.

झोप आणि मन कसं आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. खिडकीत उजेडाला नखं धरून बघितली. चार बोटांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत आणि अंगठ्याचं नख टोकाकडून सुटून पिवळं पडलंय. कॅल्शियम कमी असेल म्हणून मी ते वर्षभर कापत आलोय! म्हणजे टाच, बोट, नखं : तीन झाले. (गाउट सांगितलेलं संधिवातात धरायचं का? मग चार.)

रूमॅटॉलॉजिस्टांची वेळ १२ दिवसांनंतरची मिळाली. बोटाचा सुजलेला फोटो बायकोने काढून ठेवला होता, तो आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावलेत.

मनाचं म्हणाल तर, पोहायला जाणं बंद केलंय. घरी कारण टाचेचं सांगितलं. टाच पाण्यात दुखत नाही.

आता एकच शंका : त्वचेच्या डॉक्टरांना हे कळवून मेथोट्रेक्सेट सुरू करणं १२ दिवस लांबवू का असं विचारावं, की दोघांना एकमेकांशी बोलायला सांगावं? असं सांगितलेलं डॉक्टरांना चालतं का?