अनुभव सांगा: हट्टी विद्यार्थी आणि वर्गमुळांची गणितं

भाचीला बीजगणित शिकवतेय. हुशार आहे, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. √(अ² + ब²) म्हणजे अ + ब, यावर बाईसाहेब ठाम. मी ३ आणि ४ घालून दाखवलं: ९ + १६ = २५, वर्गमूळ ५, आणि तिच्या नियमाने ७. तर म्हणते, "मावशी, तू मुद्दाम तसलेच आकडे घेतलेस." बरं, मग तू घे म्हटलं. तिने ब ला शून्य दिलं! "बघ, आलं की नाही बरोबर?" अशी मुलं तुम्हाला भेटली असतीलच. काय केलंत, सविस्तर लिहा.

गणितवेडी
शून्य घेणारी मुलगी मला फार आवडली. तिला खोडून काढू नका. "तुझा नियम नक्की कधी चालतो ते शोध," म्हणा. दोन्ही बाजूंचा वर्ग करू दे. डावीकडे अ² + ब², उजवीकडे अ² + २अब + ब². काटाकाट केली की २अब = ० उरतं. म्हणजे दोघांपैकी एक शून्य असल्याशिवाय तिचा नियम चालायचाच नाही. माझ्याकडच्या एका मुलाला हेच करायला लावलं होतं. नियम हातचा गेला, पण तो का गेला हे त्यानेच शोधलेलं, त्यामुळे तोंड वाकडं झालं नाही.

आकडेमोड
√२ + √३ = √५ म्हणणाऱ्यांच्या हातात सरळ कॅल्क्युलेटर द्यावा. एकीकडे ३.१४६, दुसरीकडे २.२३६. वाद संपला.

शिकवणीवाले सर
माझा हट्टी वेगळ्या जातीचा. गणित चोख, पण ताळा करणार नाही. √(क्ष + ३) = क्ष − ३ दिलं होतं. वर्ग केला, क्ष² − ७क्ष + ६ = ० आणलं, अवयव पाडले, ६ आणि १ अशी दोन उत्तरं लिहून मोकळा. १ घालून बघ म्हटलं, तर "सर, माझी एक तरी पायरी चुकलीय का? मग ताळा कशाला?" आणि खरंच, एकही पायरी चुकलेली नव्हती! १ घातला की डावीकडे २ येतात, उजवीकडे −२. मी फळ्यावर २ = −२ लिहिलं. "खोटं," तो म्हणाला. दोन्ही बाजूंचा वर्ग कर म्हटलं. ४ = ४. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, म्हणून नको असलेलं उत्तरही आत शिरतं, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. त्यानंतर ताळा करायला लागला, पण शेजारी कंसात "सरांच्या समाधानासाठी" असं लिहून.

माजी हट्टी
मी स्वतःच त्यातला. √९ म्हणजे ±३, यावरून दादाशी कडाक्याची भांडणं. क्ष² = ९ ला दोन उत्तरं असतात, पण √ हे चिन्ह फक्त धन वर्गमुळासाठी, हे तो घसा फोडून सांगायचा आणि मी ऐकायचो नाही. शेवटी त्याने विचारलं, "वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाच्या आधी ± वेगळं का लिहिलंय मग? मुळातच दोन्ही चिन्हं असती तर ते कशाला लागलं असतं?" मी पुस्तक उघडून सूत्र बघितलं. दादाला काही बोललो नाही. वहीत मात्र गुपचूप ३ केलं.