कागद मोठा झाला तो टिकाऊपणामुळे की स्वस्ताईमुळे?

शाईवेडा: कागदाची थोरवी सांगताना सगळे टिकाऊपणावर येतात. मला ते पटत नाही. इ.स. १०५ मध्ये त्साय लुननं चीनच्या हान दरबारात जो कागद सादर केला, तो झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून केलेला होता. सगळा टाकाऊ माल! त्याआधी बांबूच्या पट्ट्या होत्या, त्या जड. रेशीम होतं, ते महाग. कागदानं माणसाला चुकायची मुभा दिली. लिहा, फाडा, परत लिहा. कच्चा मसुदा ही कागदाचीच देणगी.

जुनी_वही: साफ असहमत. कच्चं लिखाण कागदाआधीही होतं, रोमन लोक मेणाच्या पाट्यांवर लिहून पुसत. पण पुसलेलं कायमचं जाई. कागदावर खोडलेलंही मागे उरतं. आईचं एक पत्र माझ्याकडे आहे. त्यात 'लवकर ये' खोडून वर 'सवडीनं ये' लिहिलंय. खोडलेल्या रेघेखालची अक्षरं अजून लागतात, आणि मला तीच जास्त वाचावीशी वाटतात. टिकण्याचंच म्हणाल तर चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेली वज्रच्छेदिका सूत्राची, म्हणजे एका बौद्ध ग्रंथाची, छापील गुंडाळी ८६८ सालची आहे. आजही वाचता येते.

शाईवेडा: गुंडाळीचं मान्य. पण लोकांनी कागद स्वीकारला तो त्यासाठी नाही. १२३१ मध्ये युरोपात पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं सरकारी दस्त कागदावर करायला मनाई केली होती, चामड्यावरच करा म्हणून. टिकण्याचा भरवसाच नव्हता! तरी कागद जिंकला, कारण चामड्यावरच्या एका बायबलसाठी वासरांचा कळप लागे.

जुनी_वही: भरवसा पुढे कागदानं कमावला. इटलीत फाब्रियानोच्या कारागिरांनी जनावरांच्या सरसाची खळ दिली, त्यामुळे पान मजबूत झालं, शाई फुटेना. कागद बदनाम झाला तो १९ व्या शतकात, लाकडाचा लगदा आणि तुरटीची खळ आल्यावर. त्यातल्या आम्लानं पानं पिवळी पडून तुकडे होतात. म्हणजे तुमच्या लाडक्या स्वस्ताईनंच घात केला.

शाईवेडा: हा मुद्दा बिनतोड आहे. तरी त्याच स्वस्त लगद्यानं वर्तमानपत्र आणि शाळेची वही घराघरात नेली, ते मी सोडणार नाही. आईच्या पत्राचा कागद कसला आहे? घडीवर पिवळा पडला असेल तर लॅमिनेट मात्र करू नका. घडी उलगडून, आम्लरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून लांब.